ताईच्या अंतराळातले श्वास

माझा धंदा सांगितला की माणसं आधी हसतात आणि मग पोट कसं भरतं म्हणून विचारतात. मी गाण्यातले श्वास काढतो. गाणारा माणूस दोन ओळींच्या मधे जी हवा आत ओढतो, तिचा आवाज ऐकणाऱ्याच्या कानाला टोचतो, म्हणून मी तो कापतो. त्याबरोबर ओठांची चुटचुट, खुर्चीची कुरकुर, वादकाच्या पोटातली गुरगुर, हेही सगळं काढून टाकतो. संगणकाच्या पडद्यावर गाणं म्हणजे मोठमोठे फुगवटे दिसतात आणि त्यांच्या मधे श्वास उगवलेले असतात, बारीक गवतासारखे. ते गवत मी दिवसभर उपटत बसतो, म्हणून वादक मला 'खुरपं' म्हणतात. पाठीमागे नाही, तोंडावर.

काम नीट झालं तर ते कुणाला कळत नाही, आणि कळलं तर ते नीट झालेलं नसतं. असा धंदा निवडणाऱ्या माणसाच्या अकलेबद्दल माझ्या बायकोचं मत ठाम आहे. ती शाळेत गणित शिकवते. तिचं म्हणणं, उत्तर शून्यच यायचं असेल तर इतकी मोठी आकडेमोड कशाला करायची? आमचा स्टुडिओ टायरच्या दुकानाच्या वर आहे, हा तिला मिळालेला आयता मुद्दा. खाली लोकांच्या चाकांत हवा भरतात आणि वर तुम्ही लोकांच्या गाण्यातली हवा काढता, असं ती पाहुण्यांना सांगते. पाहुणे हसतात. मीही हसतो, दुसरं करणार काय?

आता ताई. माझी सख्खी मोठी बहीण. तिचं गाणं तुम्ही कुठेतरी ऐकलं असणारच, निदान लिफ्टमध्ये तरी. लहानपणापासून शास्त्रीय गाणं शिकली, आणि मग एके दिवशी उठून व्हायोलिनांचा ताफा आणि सिंथेसायझर बरोबर घेऊन तेच गाणं गायला लागली. शुद्ध गाणाऱ्यांनी नाकं मुरडली, की ही बाटली. नव्या गाणाऱ्यांनी म्हटलं, ही फारच जुनी आहे. दोघांचं बोलून होईपर्यंत तिने सभागृहं भरवली. मला तिचा अभिमान आहे, आणि तो मी कधी तिला कळू दिलेला नाही. धाकट्या भावाचं एवढं कर्तव्य मी चोख पार पाडलेलं आहे.

गेल्या वर्षी ताईच्या फुप्फुसांना जबर संसर्ग झाला. आठवडेच्या आठवडे ती दवाखान्यात पडून होती. वाचली, पण दम निम्म्यावर आला. पूर्वी एका श्वासात जी ओळ सहज पार व्हायची, तिच्या मधे आता थांबावं लागे, आणि आत येणारी हवा घासत, वाजत येई. डॉक्टरांनी सांगितलं, मैफली बंद. गायचंच असेल तर बसून, थोडं थोडं, विश्रांती घेऊन. ताईने ते ऐकून घेतलं आणि सगळ्यांना सांगून टाकलं की एक शेवटचा अल्बम पुरा करते, मग गप्प बसते. 'पुरा' या शब्दावर तिचा जोर होता. अर्धवट काही सोडून जाणं तिच्या स्वभावात नाही. आमच्या घरी ती ताटात शीतसुद्धा ठेवत नसे आणि मला माझं ताट दाखवून लाजवत असे.

अल्बम अंतराळाचा होता. ती कल्पना संगीतकाराची. त्याला आम्ही 'कॅप्टन' म्हणायचो, कारण तो चंदेरी जाकीट घालून यायचा आणि वादकांना 'उड्डाणाला तयार व्हा' असं सांगायचा. एकेका ग्रहाचं एकेक गाणं. धगधगत्या ग्रहाला ढोल, कड्यांच्या ग्रहाला गोल गोल फिरणारी व्हायोलिनं. आणि शेवटी परत न येणाऱ्या यानाचं गाणं. ते यान सगळे ग्रह मागे टाकून निघून गेलंय, आणि तिथून अजून एक बारीक आवाज येतोय. हे गाणं लांबलचक आणि संथ. त्याच्या ओळी संपतच नाहीत. धडधाकट माणसाला घाम फुटावा असं गाणं कॅप्टनने नेमकं माझ्या बहिणीसाठी रचलं, आणि तिने नेमकं तेच हट्टाने धरलं. दिवसभर थांबत थांबत, तुकड्या तुकड्यांनी ती ते गायली. मी काचेच्या अलीकडे बसून रेकॉर्ड करत होतो. संध्याकाळी भाऊजी तिला अक्षरशः धरून खाली घेऊन गेले, आणि त्यानंतर ती कित्येक दिवस अंथरुणात होती. डॉक्टरांनी भाऊजींनाच झापलं. भाऊजी स्वतः दातांचे डॉक्टर, त्यामुळे त्यांना जास्तच लागलं. त्यांनी निक्षून सांगितलं की हे गाणं झालं तेवढं झालं, पुन्हा नाही.

कॅप्टनने मला फर्मान काढलं. अंतराळात हवा नसते, तेव्हा अल्बममध्ये एकही श्वास ऐकू येता कामा नये. हवा नसेल तर गाणं तरी कसं ऐकू येईल, हे मला त्याला विचारता आलं असतं. पण माझी सगळी बिनतोड उत्तरं मला जिना उतरताना सुचतात. मी मान डोलावली.

त्यात ताईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "माझा श्वास कुणाला ऐकू देऊ नकोस हं. लोक म्हणतील, हिचा दम संपला." ताई माझ्याकडे कधी काही मागत नाही. ती सांगते आणि आपण करायचं, अशी रीत. त्यामुळे तो फोन ठेवल्यावर मी जो पेटलो, तो पेटलोच.

असं काम मी उभ्या जन्मात केलं नव्हतं. एकेक श्वास मुळासकट उपटला. जिथे खाच राहिली तिथे मागचा सूर ताणून पुढच्याला असा चिकटवला की सांधा सापडू नये. आणि सवयीप्रमाणे मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं. हो, पुसून टाकलं. शहाणी माणसं मूळ प्रत जपून ठेवतात. मी ठेवत नाही, कारण गायक मंडळी आठवड्याने परत येतात आणि म्हणतात की ते आधीचं बरं होतं. एका बासरीवाल्याने तर माझ्याकडे त्याचा खोकला परत मागितला होता. तेव्हापासून माझं तत्त्व, की परतीचा रस्ताच ठेवायचा नाही. संगणक आपणहून एक प्रत ठेवतो म्हणे. ती सोयसुद्धा मी बंद करून टाकली होती, का तर त्याने मशीन रुसायचं. आपल्या हुशारीला तोड नाही.

मग सगळ्यांना एकत्र बसवून अल्बम ऐकवायचा दिवस आला. दुपारची वेळ. स्टुडिओच्या छोट्या खोलीत ताई, भाऊजी, कॅप्टन, व्हायोलिनवाली बाई, आणि माझी बायको. तिला मी मुद्दाम बोलावलं होतं, शून्याची किंमत कळावी म्हणून. दिवे मंद केले. पहिलं गाणं सुरू झालं. गुळगुळीत, स्वच्छ, कुठे कणाचाही कचरा नाही. माझा मलाच हेवा वाटला.

दुसऱ्या गाण्यात बायकोने जांभई दिली. चांगली मोठी, गालांत मावेना अशी. मी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. तेवढ्यात व्हायोलिनवालीने तोंडावर हात धरला. मग भाऊजींनी. मग कॅप्टनने, आणि ते त्याचं स्वतःचं संगीत होतं! माझी पाचावर धारण बसली. इतकं कंटाळवाणं झालंय का? तिसऱ्या गाण्याला भाऊजींनी शर्टाचं वरचं बटण काढलं. पुढच्याला ते उठले, गादी लावून बंद केलेली खिडकी खटपट करून उघडली आणि तिथेच उभे राहिले. खालून टायरवाल्याचं मशीन घुर्र करत आत आलं. कुणी खिडकी बंद करा म्हणेना.

बायकोनेच कोडं सोडवलं. म्हणाली, मला कंटाळा नाही आला हो, मला श्वास घ्यायला जागाच सापडत नाहीये. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. ऐकणारा माणूस नकळत गाणाऱ्याबरोबर श्वास घेत असतो. गाणारी घेतच नाही म्हटल्यावर सगळी खोली श्वास धरून बसली होती, आणि मग बिचाऱ्यांना जांभया येत होत्या. इतकी वर्षं मी एखाद-दुसरा श्वास शिल्लक ठेवत आलो होतो, आळसाने. माझ्या कामात जे काही चांगलं होतं ते माझ्या आळसामुळे होतं, हे असं चारचौघांत सिद्ध झालं.

शेवटचं गाणं लागलं. ते यानाचं. ताई हात मांडीवर ठेवून ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत उतरत गेला. संपल्यावर म्हणाली, "ही बाई जिवंत वाटत नाही रे."

मग ती हळूच म्हणाली, की चूक तिचीच, तिनेच मला सांगितलं होतं. श्वास परत घाल. कसे का वाजेनात.

आणि मला सांगावं लागलं, की श्वास नाहीत. फेकले. भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू भूल न देता दाढ उपटायची संधी त्यांना हवीच होती. कॅप्टनने जाकीट काढून ठेवलं. माझी बायको, जी एरवी मला एकही टोला चुकवू देत नाही, ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि गप्प राहिली. तेव्हा मला खरी भीती वाटली.

बाकीच्या गाण्यांचं निभावलं. आधी आम्ही असा प्रयत्न केला की ताईने कानाला गाणं लावून बसायचं आणि गायचं नाही, नुसते जागच्या जागी श्वास घ्यायचे. ते ऐकल्यावर ताई म्हणाली, छातीचा फोटो काढतानाची आठवण झाली. न गाता घेतलेला श्वास आरामात येतो, त्याला पुढे काही उचलायचं नसतं. म्हणून मग ती बसून थोडं थोडं खरंच गायली. एका दुपारी दोन ओळी, दुसऱ्या दिवशी आणखी दोन. गाणी लहान होती. श्वास वाजत आले, घासत आले, आणि मी ते एकेक करून परत लावले. रोपं लावावीत तसे, दोन बोटांनी.

राहिलं शेवटचं. ते तिच्याकडून पुन्हा गाऊन घेणं शक्यच नव्हतं. दोन ओळींनंतर तिला खोकल्याची उबळ आली आणि भाऊजींनी दार उघडून तिला बाहेर नेलं. कॅप्टनने विकतचे श्वास आणले. मिळतात, कुण्या अनोळखी बाईचे, ओळीने मांडलेले. ते लावून पाहिले तर ताई बस पकडायला धावतेय असं वाटायला लागलं. शेवटी कॅप्टन म्हणाला, हे गाणं गाळू, कड्यांच्या ग्रहावर अल्बम संपवू. ताईला हे मी सांगायचं ठरलं. अर्थातच मी.

मी तिला दोन दिवस फोन केला नाही. तिचे दोन आले, तेही उचलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले होते. खाली टायरवाल्याचंही दुकान जेवणासाठी बंद, म्हणजे हवेचं मशीनही गप्प. मी स्टुडिओत एकटा होतो, आणि एक गोष्ट मला आठवली. मीही गाणं शिकलेलो आहे. हे मी कुणाला सांगत नाही, कारण लगेच 'मग म्हणून दाखव' होतं. बाबा आम्हा दोघांना एकत्र शिकवायचे. ओळ कुठे तोडायची, पोटातून हवा कशी घ्यायची, सगळं दोघांना एकच. पुढे ताईचा आवाज आभाळाला टेकला आणि माझ्या बाबतीत बाबा एवढंच म्हणाले, की तुझा श्वास उत्तम आहे, आता गाण्याचं काय करायचं ते बघू. बघण्यासारखं काही नव्हतं. दोघांनीही तो विषय पुन्हा काढला नाही.

मी माईक लावला, रेकॉर्डिंग सुरू करून धावत काचेच्या पलीकडे गेलो, कानाला ताईचं गाणं लावलं आणि तिच्याबरोबर गायला लागलो. नुसते श्वास घेऊन भागत नाही हे कळलंच होतं. गायलाच हवं होतं, तेही जीव तोडून, त्या न संपणाऱ्या ओळी शेवटपर्यंत. काय गायलो म्हणून सांगू! सूर एकीकडे, मी एकीकडे. वरच्या जागी आवाज फाटला, खालच्या जागी बुडाला. माझं वय, माझं पोट आणि माझी बैठी नोकरी, तिघंही माझ्याबरोबर गात होते. ओळीच्या शेवटी डोळ्यांपुढे काजवे चमकायचे आणि हवा अशी काही आत यायची, घासत, वाजत, हपापल्यासारखी, की मला ताई दवाखान्यातून आली तो दिवस आठवला. जिना चढताना ती प्रत्येक वळणावर थांबत होती आणि मी मागे पिशवी घेऊन उभा होतो.

मग बसलो खुर्चीत आणि उलटं काम केलं. गाणं सगळं कापून फेकलं आणि श्वास ठेवले. गाणं फेकताना हात जराही कचरला नाही, त्याची लायकीच ती होती. श्वास थोडे हलके केले आणि ताईच्या ओळींच्या मधे, बाबांनी शिकवलेल्या जागी, बसवले. बसले. कॅप्टनने ऐकलं आणि त्याने जाकीट परत अंगात घातलं. म्हणाला, सापडले वाटतं जुने? मी 'हं' म्हणालो. माझ्या खोटेपणालाही आवाज फुटत नाही.

ताईकडे गेलो तेव्हा ती बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसली होती. गाणं गाळल्याची बातमी कॅप्टनने आधीच परस्पर तिच्या कानावर घातली होती, त्यामुळे तिचं तोंड बंद होतं आणि माझ्याशी तर अधिकच. मी काही न बोलता तिच्या कानाला हेडफोन लावला. रस्त्याने जाताना मी तीन थापा जुळवल्या होत्या, एकीपेक्षा एक सरस.

पहिली ओळ संपली, श्वास आला, आणि तिने माझ्याकडे मान वळवली. सरळ माझ्याकडे. तिन्ही थापा कुठल्या कुठे गेल्या. ती पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली आणि शेवटपर्यंत ऐकत राहिली. ती नको म्हणाली तर गाणं गेलं, आणि तिला दुसरं गाता येणार नव्हतं. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं.

हेडफोन काढून म्हणाली, "हा तू आहेस."

मी भडाभडा बोलत सुटलो. की तुला आवडलं नसेल तर काढतो, कुणाला कळणार नाही, अर्ध्या तासाचं काम, नाहीतर हलके करतो अजून, नाहीतर...

"गप्प बस जरा," ती म्हणाली. मग थांबून, तिला थांबावंच लागतं आता, म्हणाली, "त्या दिवशी गाताना प्रत्येक ओळीनंतर मला वाटायचं, पुढचा श्वास येत नाही आता. इतकी भ्यायले होते मी. कुणाला सांगितलं नाही. आत्ता ऐकताना त्या त्या जागी तू होतास." तिने डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "एकाला जरी हात लावलास ना, तर याद राख."

मला रडू आलं. मी छान रडत नाही, नाकातून कसलेतरी आवाज येतात, गाण्यात असते तर मीच कापले असते. ताईने हेडफोनचा एक कान माझ्याकडे केला आणि दुसरा आपल्या कानाला धरला, आणि पुन्हा पहिल्यापासून लाव म्हणाली. आम्ही डोकं डोक्याला लावून ऐकत बसलो. ओळ संपली की दोघंही आवाज करत श्वास घ्यायचो, एकदम, आणि पुढच्या ओळीची वाट बघायचो. भाऊजी तिची औषधं घेऊन दारात आले, आमच्याकडे बघत थोडा वेळ उभे राहिले, आणि गाणं संपेपर्यंत आत आले नाहीत.